मेल्या लिंकचं सुतक

रात्री दोनला भाच्याचा मोबाइल कोकलतो. कुठल्याशा सर्व्हरवर एक कंटेनर, म्हणजे डब्यात बंद केलेला प्रोग्राम, मेला, जन्मला, पुन्हा मेला. संगणकवाल्यांत याला 'क्रॅशलूपबॅकऑफ' म्हणतात, आपल्यात चौऱ्यांशीचा फेरा. इशाऱ्याखाली एक लिंक असते: 'रनबुक', म्हणजे अशा वेळी काय करावं याची पोथी. भाचा डोळे चोळत ती दाबतो. 404, पान गायब.

कंटेनर मेला की कुबरनेटीज, म्हणजे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर, दुसरा उभा करतं. लिंक मेली तर सुतक धरायलाही कोणी नाही.

पहारा मात्र कडक हं! 2012 साली साउंडक्लाउड कंपनीत जन्मलेला प्रोमिथिअस हा गस्तीचा गुरखा. ठरल्या वेळी दारोदार थाप मारतो: "आहेस का? मेमरी किती खाल्लीस?" पोथीचं दार ठोठावणं तेवढं त्याच्या ड्यूटीत नाही.

तरी 404 परवडला, निदान दार तोंडावर आपटतो. खरी भीती उघडणाऱ्या लिंकची. भाच्याच्या कंपनीतल्या माहितीपुस्तकाची पहिलीच पायरी आहे: "हीपस्टर बसवा." हीपस्टर हा कुबरनेटीजचा मोजणीदार 2018 मध्येच निवृत्त झाला, मेट्रिक्स-सर्व्हर त्याच्या खुर्चीत बसला. लिंक ठणठणीत. नवा पोरगा श्रद्धेनं पायऱ्या चढतो आणि दुपारपर्यंत त्याला आपल्या डिग्रीचीच शंका येऊ लागते.

भाच्यानं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "चांगलं निरीक्षण आहे. कुठल्या स्प्रिंटमध्ये बसतंय बघ." कामाच्या कुठल्याच हप्त्यात नाही बसलं. नवा डॅशबोर्ड केला की टाळ्या पडतात. जुना पत्ता खोडून नवा लिहिणाऱ्याला कोण बढती देतो?

त्यातल्या त्यात कुबरनेटीजवाले रोखठोक. त्यांच्याकडे तक्रारीला 90 दिवस कोणी हात लावला नाही, की बॉट तिच्यावर 'शिळी' असा शिक्का मारतो. आणखी 30 दिवसांनी 'कुजकी', आणखी 30 दिवसांनी दप्तरबंद. अर्ज आपल्याकडच्या कचेऱ्यांतही कुजतात, पण तसं लेखी कोण देतं?

न राहवून मी विचारलं, "अरे, मेलेल्या लिंका शोधणारं काही यंत्र नाही का तुमच्यात?"

"आहे ना, मामा. बसवलं होतं. रोज रात्री दीडशे इशारे यायचे. मग सायलेन्स केलं."

"कुणी? कधी?"

"रनबुकात नोंद आहे," भाचा म्हणाला, आणि सवयीनं लिंक दाबली.