आधी तुम्ही, विहीणबाई!

महाराष्ट्रात एक जूनला जितकी माणसं जन्माला आली तितकी वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मिळून आली नसतील, असं सरकारी दप्तर उघडलं की वाटतं. शाळेत नाव घालायला आलेल्या बाईला पोराची जन्मतारीख विचारली की ती सांगायची, "आखाडात झालंय, म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी." गुरुजी म्हशीची नोंद कुठं हुडकत बसणार? शाळा जूनला भरायची आणि वयाची अट कागदावर पुरी दिसायला हवी, म्हणून सरसकट एक जून. नियम असा की एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला राज्यभर निरोपसमारंभांची लग्नसराई उसळते. मी जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाहेर पडले तेव्हा आमच्या सभागृहात हार कमी पडले होते. शेवटच्या दोघांना आधीच्यांच्या गळ्यातले काढून घातले.

माझी आई सांगायची की मी वसुबारसेची. म्हणजे कागदावर मी माझ्यापेक्षा पाचएक महिन्यांनी मोठी आहे. नोकरीत ही तफावत मला फार डाचायची. पुढं तिचा असा उपयोग होईल हे कुणाला ठाऊक होतं?

निवृत्तीनंतर पहिल्याच तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, "चालायला जा." साताऱ्यात चालायला जायचं म्हणजे अजिंक्यतारा, दुसरा प्रश्नच नाही. उजाडायच्या आत अर्धं गाव किल्ला चढत असतं. तिथं कुणालाही नावानं हाक मारत नाहीत. निवृत्त तलाठी अजून भाऊसाहेब, तहसीलदार अजून रावसाहेब, मी मॅडम. मंगळाई देवीला नमस्कार झाला की रावसाहेब मागं हात बांधून शहराकडं असे बघतात, जणू खाली कुणीतरी अतिक्रमण केलंय.

मी पळायला लागले ते काही आरोग्यासाठी नव्हे. आमच्या बायकांच्या घोळक्यात रोज सुनांचं गुऱ्हाळ चालायचं. कुणाची सून भाजीला फोडणी देत नाही, कुणाची फोडणीच देते आणि भाजी करत नाही. एके दिवशी मी जरा पाय उचलले. वीसेक पावलांत सगळ्या सुना मागं पडल्या. कानात नुसता वारा. एवढ्या स्वस्तात एवढी शांतता मिळते म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी आणखी थोडी पळाले. डॉक्टरांना वाटलं त्यांचा सल्ला मानला.

गावात तसं वातावरणही होतंच. पूर्वी साताऱ्यात पोलीसभरतीची पोरं सोडली तर पळणारा मोठा माणूस एकतर एसटी चुकलेला असायचा, नाहीतर वसुलीवाला मागं लागलेला. २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली, म्हणजे ऐन पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढायचा, उतरायचा, एकूण एकवीस किलोमीटर. तेव्हापासून डॉक्टर, वकील, दुकानदार सगळेच चड्ड्या घालून रस्त्यावर आले. बोर्डाच्या परीक्षेइतकं त्या स्पर्धेचं घराघरांत टेन्शन असतं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. स्वतः पळत नाहीत, पण माझं पळणं त्यांनी प्रकल्प म्हणून हाती घेतलं. आधी अंदाजपत्रक झालं, मग तक्ता. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं सूत्र त्यांनी भिंतीवर चिकटवलं : २२० वजा वय. कागदावर मला साठ पुरी झाली होती, वसुबारस अजून यायची होती. म्हणजे आधार कार्डाप्रमाणे १६० आणि आईप्रमाणे १६१.

"नक्की काय धरू?" त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं.

"आईचा धरा. एक ठोका जास्ती मिळतोय."

मुळात ते सूत्र सरासरीचं. माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडंतिकडं होतात. पण इंजिनियरला हे पटत नाही. त्यापेक्षा साधी खूण मला आवडते, की चालताना-पळताना बोलता यावं पण गाता येऊ नये, मग समजावं बेत जमलाय. एकटीनं बोलत पळणारी बाई दिसली तर गाव काय म्हणेल? म्हणून मी पाढे म्हणते. सतराचा पाढा सरळ येतोय तोवर वेग ठीक. तेरालाच अडखळले की पाय आवरायचे. घाटात मात्र दोनाचा पाढासुद्धा अवघड जातो.

यांचं स्वतःचं ध्येय दहा हजार पावलं. हा आकडा काही डॉक्टरांच्या परिषदेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते आणि तिथून तो जगभर पसरला. हे मी सांगितल्यापासून यांची श्रद्धा उलट वाढली. जपानी माल म्हणजे चोखच असणार. रात्री साडेनऊला सातशे पावलं कमी पडली की हे दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतात, आणि फार कंटाळा आला तर पलंगावर बसून फोन हलवतात.

वयाच्या कागदांवरून आठवलं. फौजासिंग जालंधरकडचे. नव्वदीला टेकल्यावर, २००० साली, लंडनची पूर्ण मॅरेथॉन पळाले. २०११ साली टोरांटोला, म्हणे वय वर्षं शंभर, बेचाळीस किलोमीटरचं अंतर आठ तासांवर थोड्या वेळात पुरं केलं. पण गिनीजवाल्यांनी विक्रम मानला नाही, कारण जन्माचा दाखला नाही. पासपोर्टवर तारीख होती, १ एप्रिल १९११. हे वाचून मला भरून आलं. आमच्या एक जूनच्या जातकुळीतलाच माणूस. त्यांच्या गावात एखादे दाखला देणारे गुरुजी असते तर काम झालं असतं.

बुटांचं प्रकरण वेगळंच. दुकानातल्या पोरानं मला एका पट्ट्यावर पळवलं, पडद्यावर माझी टाच दाखवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "काकू, तुमचा पाय आत वळतोय." इतक्या वर्षांत सासूनं माझं सगळं काढलं, पण हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. बूट आठ हजारांचे. बारामतीच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात लता करे नऊवारीत अनवाणी पळाल्या आणि पहिल्या आल्या, त्याही नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून. त्यांच्यावर पुढं सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. मी हे सगळं यांना मोठ्या उत्साहानं सांगत होते. यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बुटांची पावती पुन्हा एकदा वाचली.

यवतेश्वरच्या घाटात बूट बघतं कोण? पहाटे मी फासफूस करत चढत होते तर मागून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. तरुण पोरगा. वेग कमी करून बराच वेळ माझ्या बाजूनं चालवत राहिला.

"मावशी, गाडी चुकली व्हय?"

"नाही रे बाबा. व्यायाम."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घरी काय झालंय का?"

"काही नाही."

"मग बसा की मागं. वरपातूर सोडतो, तिथनं करा व्यायाम."

इतका व्यवहारी सल्ला मला कुठल्याच प्रशिक्षकानं दिलेला नाही, कारण घाटाची खरी मेख उतरणीत आहे. चढताना फक्त दम लागतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार अडवून धरतात, आणि त्याचं बिल लगेच येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. अशा वेळी मी जिना पाठमोरी उतरते. आमच्याकडं अजून जुन्या पद्धतीचा संडास आहे. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. एवढंच सांगते की साठीतल्या धावपटूनं नळाच्या पाइपवर भार टाकू नये, तो भिंतीतून सुटतो.

नुसतं पळून भागत नाही, असं आमच्या टेकडीवरचे एक निवृत्त गुरुजी रोज बजावतात. ते औंधचे, त्यामुळं सूर्यनमस्कारांचा त्यांना वंशपरंपरागत अभिमान. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमानं नमस्कार घालत, प्रजेला घालायला लावत, वर त्यावर पुस्तकंही लिहीत. संस्थानच्या शाळांत पोरांची सुटका नव्हती. १८६८ चा जन्म, १९५१ पर्यंत जगले. गुरुजींच्या मते पळणं ही नमस्कार न येणाऱ्यांनी काढलेली पळवाट. गुरुजींचा तोरा सोडला तर मुद्दा खोटा नाही. पन्नाशीनंतर स्नायू झिजत जातात, म्हणून आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पासष्टीपुढं तोल सांभाळायचाही सराव हवा.

हे तोलाचं कळलं आणि चार भिंती स्मारकापाशी एका सकाळी जे झालं ते बघण्यासारखं होतं. भाऊसाहेबांनी कुठंतरी वाचलं होतं, की ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या सतराशे लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं केलं. साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूंचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पाय टेकला म्हणून माणूस मरतो असं काही त्या संशोधकांचं म्हणणं नव्हतं, पण एवढं ऐकायला थांबतंय कोण? पुढच्या मिनिटाला जिल्ह्याचं अर्धं माजी प्रशासन एका पायावर उभं होतं. रावसाहेबांनी आदेश दिल्यासारखं मोजायला सुरुवात केली. पाचावर भाऊसाहेब झुलायला लागले, त्यांनी रावसाहेबांचा खांदा धरला, रावसाहेबांनी गुरुजींचं उपरणं. सगळे एकदमच खाली आले. उठल्यावर रावसाहेब म्हणाले, "ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही. जागा समतल नव्हती."

आता विहीणबाईंचं. त्या कोल्हापूरच्या, बँकेतून निवृत्त, माझ्या सुनेच्या आई. लग्नात आम्ही एकमेकींशी फार जपून वागलो होतो. मुलाकडची म्हणून माझा मान वरचा, आणि तो मला पेलत नाही म्हणून त्याही अवघडलेल्या. त्यांनी पळायला सुरुवात केल्याचं सुनेनं सांगितलं तेव्हा मी "अरे वा" म्हटलं. त्यांचीही जन्मतारीख एक जून, वर्ष तेच, हे मला कळलं तेव्हा "अरे वा" जरा उशिरानं निघालं.

कारण असं. पुरुषांच्या साठीच्या गटात म्हातारे मुंग्यांसारखे असतात. बायकांच्या गटात शुकशुकाट. जवळच्या एका स्पर्धेत दहा किलोमीटरला साठीवरच्या आम्ही तिघीच होतो आणि बक्षिसंही तीन. नोकरीत ज्या पाच महिन्यांनी मला छळलं त्यांनीच मला पहिल्यांदा मंचावर चढवलं, कारण आईच्या हिशेबानं मी अजून एकोणसाठचीच होते. तर पुढच्या स्पर्धेला चौथी आली, ती विहीणबाई.

बंदुकीचा आवाज झाला. गर्दीत त्या मागं राहिल्या, तीनेक किलोमीटरवर मला येऊन मिळाल्या. आता खरा पेच. विहिणीला मागं टाकून जायचं कसं? "तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. "छे हो, मानानं आधी तुम्ही," त्या म्हणाल्या. मी वेग वाढवला तर आगाऊपणा, कमी केला तर त्यांना खिजवल्यासारखं. पाण्याच्या टेबलाशी त्यांनी पहिला पेला मला दिला, मी तो त्यांना दिला, त्यांनी परत. तो अखेर एका तिसऱ्याच पोरानं उचलून डोक्यावर ओतला. या सगळ्या मानपानात उरलेल्या दोघी पुढं निघून गेल्या. शेवटी आम्ही हातात हात घालून रेषा ओलांडली. सुनेनं फोटो काढला, फार सुंदर आला.

निकाल लागला तर विहीणबाई तिसऱ्या, मी चौथी.

यांनी समजावलं. नंबरपट्टीला मागून चिप लावलेली असते. सुरुवातीच्या पट्टीवरून तुम्ही जाल तेव्हा तुमचं घड्याळ चालू होतं. विहीणबाई गर्दीत मागं होत्या, अर्धं मिनिट उशिरा पट्टीवर आल्या, शेवट तुमच्याबरोबर केला, म्हणजे त्या अर्ध्या मिनिटानं जलद. "साधा विसर्गाचा हिशेब आहे," हे म्हणाले. सुनेनं घरच्या ग्रुपवर टाकलं, "माझ्या दोन्ही आयांचं अभिनंदन," आणि फोटो असा कापला होता की चषक नेमका मधोमध आला.

पुढची स्पर्धा कोल्हापुरात. त्यांच्या गावी, त्यांच्या घरी मुक्काम, आदल्या रात्री त्यांनी पांढऱ्या रश्श्याऐवजी मुद्दाम मऊ भात केलेला. पहाटे सुरुवातीच्या रेषेशी उभ्या राहिलो. यांनी मला एकच सूचना देऊन पाठवलं होतं, की शेवट काहीही होवो, पट्टी त्यांच्या नंतर ओलांड. बंदूक उडाली, लोंढा सुटला. मी हात पुढं केला, "चला, तुम्ही व्हा पुढं."

विहीणबाई गोड हसल्या. "छे छे, मुलाकडच्या तुम्ही. आधी तुम्ही."

"तुमचं गाव आहे, असं कसं?"

"म्हणून तर. पाहुण्यांचा मान."

त्यांच्या यजमानांनीही बँकेत हिशेबच तपासलेत, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आजूबाजूचे सगळे निघून गेले. रस्त्यावर रिकामे पेले आणि आम्ही दोघी. एक स्वयंसेवक पोरगा पट्टीची एक कड उचलून उभा होता.

"आज्ज्यांनो," तो म्हणाला, "पळणार हाय का गुंडाळू?"