विषय : साहेबांचे विमान उशिरा उतरवण्याबाबत

कै. एच. आर. हाल्डेमन,
अध्यक्ष निक्सन यांचे चीफ ऑफ स्टाफ,
मुक्काम परलोक

स. न. वि. वि.

आमचे साहेब परदेशातली नाजूक बोलणी आटोपून निघालेत. काय ठरलं ते सांगण्याजोगं नाही. त्यामुळे काय दिसावं, हे मला ठरवायचं आहे. आपण मूळचे जाहिरात कंपनीतले, म्हणून आपल्यालाच गुरू केलं.

१९७२च्या फेब्रुवारीत चीनहून परतताना निक्सनसाहेबांचं विमान तुम्ही अलास्कात, अँकरेजला नऊ तास उभं ठेवलंत. बिघाड काही नव्हता. वॉशिंग्टनात रात्रीचे नऊ वाजायचे होते, म्हणजे घरोघरी टीव्ही लागलेले असणार! मुहूर्त पाहून उंबरठा आम्हीही ओलांडतो; पण अख्खं विमान मुहूर्तासाठी खोळंबवायचं म्हणजे कमालच.

पुन्हा स्वागताला कोण, तर उपाध्यक्ष ॲग्न्यू. त्यांना चीनशी ही जवळीक मुळातच नापसंत. नाराज माणसाला स्वागतालाच उभं करायचं, हे मी वहीत टिपून घेतलंय.

दौऱ्याअखेर शांघायला निघालेल्या संयुक्त निवेदनात तैवान हा चीनचाच भाग असल्याच्या भूमिकेला अमेरिका आव्हान देत नाही, असं कलम होतं. तैवानशी असलेल्या संरक्षण कराराचा तर त्यात उल्लेखही नाही. असली कलमं वाचत बसतात ती वर्तमानपत्रवाली मंडळी, म्हणून दौऱ्यात झुकतं माप टीव्हीवाल्यांना. कॅमेऱ्याला भिंत दिसते, मेजवानी दिसते; कलम दिसत नाही. बकलींसारखे आपल्याच गोटातले स्तंभलेखक सोबत नेऊनही बिथरले, तेवढं सोडा.

खरं कसब फोटोत. माओंच्या भेटीला सुरक्षा सल्लागार किसिंजरांबरोबर त्यांचे सहायक विन्स्टन लॉर्ड गेले. परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांना नेलंच नाही. मंत्र्यांना ओशाळं वाटू नये म्हणून यजमानांना सांगून लॉर्डना फोटोतून कापलं. (भेटीतून वगळलेलं चालतं, फोटोत दुसरा दिसलेला चालत नाही. केवढी ही मंत्र्यांची पारख!) हे लॉर्ड पुढे १९८५ साली बीजिंगला राजदूत झाले, पण कात्री लावताना इतकं पुढचं कोण बघतो?

एक शंका मात्र आहे. त्या दौऱ्यात तुम्ही स्वतःही हौसेनं सुपर-८ कॅमेरा फिरवत होतात आणि वॉटरगेटच्या तपासात तुमची रिळं एफबीआयनं जप्त केली, असं वाचलं. साहेबांच्या भेटीगाठींचं थोडं चित्रण माझ्याही मोबाइलमध्ये आहे. ठेवू की पुसू, तेवढं उलट टपाली कळवावं.

आपला आज्ञाधारक,
प्रसिद्धीप्रमुख