हवाई व्हाया विरार

आमचे साडू कॅलिफोर्नियात असतात. नुसते असते तर प्रश्न नव्हता. पण ते दर सुट्टीत कुठेतरी जातात आणि गेल्याचे पुरावे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. यंदा ते हवाईला गेले. मी पहिल्या पाळीसाठी बूट शोधत होतो तेव्हा एका दमात सत्तावीस फोटो आले. काळीभोर जमीन, जमिनीतून निघणारा धूर, धुरापुढे साडू, साडूंपुढे मेव्हणी. खाली मजकूर : 'हवाई व्होल्कॅनोज नॅशनल पार्क. १९१६ सालचं आहे. गंधकाचा वास अगदी असह्य, पण अनुभव घ्यावाच असा!'

बायकोने सत्तावीसच्या सत्तावीस फोटो दोन बोटांनी मोठे करून पाहिले. मग शांतपणे विचारलं, "आपण शेवटचं कुठे गेलो होतो?"

"वज्रेश्वरीला," मी म्हणालो. "तिथेही जमिनीतून गरम पाणी येत होतं."

ती काही बोलली नाही. वीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की ती बोलते तेव्हा खर्च कमी होतो.

आता, बोईसरच्या माणसाला गंधकाच्या वासाचं कौतुक कुणी सांगावं? कारखान्यांकडून वारा फिरला की रात्री अकराला आम्ही खिडक्या लावून घेतो. हवाईत त्या धुरकट हवेला 'वॉग' म्हणतात; व्होल्कॅनो अधिक फॉग, असं त्याचं बारसं. आमच्याकडे बारसं झालेलं नाही. "आज येतोय" एवढंच म्हणतात आणि ज्याला कळायचं त्याला कळतं. जमीन हलण्याचं म्हणाल, तर डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के बसायला लागले. तो विषय मात्र चेष्टेचा नाही. धुंदलवाडीकडच्या माणसांनी थंडीचे दिवस घराबाहेर झोपून काढलेत, आणि त्या धक्क्यांचा ज्वालामुखीशी काही संबंधही नाही.

तर संध्याकाळी घरी आलो तेव्हा मुलगी नकाशाची वही उघडून बसली होती. नववीत आहे. मावशीच्या फोटोंमुळे तिला भूगोल प्रथमच आवडायला लागला होता.

"बाबा, किलाउआ ज्वालामुखी उत्तर अक्षांश १९.४ वर आहे."

"बरं."

"नालासोपारापण १९.४ वर आहे."

घरात क्षणभर शांतता पसरली. नालासोपाऱ्याबद्दल आजवर अनेकांनी अनेक गोष्टी बोलून दाखवल्या आहेत, पण ही कुणी बोललं नसेल. मी वही ओढून घेतली. किलाउआच्या जरा वर हिलो नावाचं गाव, १९.७. आपलं पालघर, १९.७. म्हणजे साडू विमानाची तिकिटं काढून, डॉलर मोजून, सरळ आमच्याच रेषेवर येऊन उभे राहिले होते; फक्त पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूने.

तिथून पुढचं मला आपोआप सुचलं. "उष्णकटिबंधातलं बेट, त्यावर ज्वालामुखीचा खडक आणि त्यावर राष्ट्रीय उद्यान," मी जाहीर केलं. "या शुक्रवारी आपण जातोय. माझी सुट्टी आहे."

"कुठे?" बायकोचे डोळे लकाकले.

"बोरीवलीला."

डोळे विझले. "बोरीवली बेट आहे?"

आहे की. उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला काय म्हणतात ते शाळेत शिकवतात. या बेटाचं नाव साष्टी. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचं. पण बेटावर एकदा एवढी वस्ती झाली की ते बेट आहे हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. अंधेरीच्या माणसाला 'बेटावर कसं काय चाललंय' असं विचारून पाहा.

"आणि ज्वालामुखी?" मुलगी आता साक्षीदार फोडायच्या बेतात होती.

"सगळा दख्खन ज्वालामुखीचाच आहे. साधारण सहासष्ट दशलक्ष वर्षांपूर्वीचा. गावं सहासष्ट, दशलक्ष सहासष्ट. योग जुळून आलाय."

"पुस्तकात सहा कोटी साठ लाख दिलंय."

"तेच ते. आणि मुंबईचा खडक त्यातल्या शेवटच्या पंगतीचा, जरा उशिरा जेवलेला."

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "मी पण येते. ज्वालामुखी म्हणजे देवीच ना ती हिमाचलातली?" मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर तिने खण आणि नारळ काढून पिशवीत भरलेसुद्धा.

हवाईला लोक विमानाने जातात, फार तर बोटीने. आम्ही डहाणू लोकलने गेलो. ही लोकल आमच्याकडे २०१३ च्या एप्रिलमध्ये आली. तोवर आम्ही शटल आणि मेमूच्या भरवशावर जगत होतो. बोईसरला आईला खिडकी मिळाली, बायकोला तिच्याशेजारी जागा मिळाली, आणि मला चौथी सीट. चौथ्या सीटवर माणूस बसलेला दिसतो, पण बसलेला नसतो. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे. वैतरणेच्या पुलावर वारा आला तेव्हा मुलीने खाली बोट दाखवलं; दोन पुलांच्या मधोमध वाढीव गावाचं बेट आहे. "हे कसं, बेटासारखं दिसतं," बायको म्हणाली. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

विरारला गाडी भरली. भरली म्हणजे काय, हे विरारबाहेरच्यांना सांगून कळत नाही आणि विरारच्यांना सांगावं लागत नाही. नालासोपारा आल्यावर मी खिडकीकडे मान वळवून "किलाउआ!" असं म्हणालो. समोरच्या गृहस्थांनी कानातलं काढून विचारलं, "कुठलं स्टेशन?"

नायगाव सुटलं आणि खाली खाडी पसरली, मधे पाणजू बेट, दूरवर होड्या. हाच तो क्षण. मी शक्य तेवढा ताठ झालो आणि म्हणालो, "लक्ष द्या. इथे मुख्य भूमी संपली."

"काका," मागून आवाज आला, "संपली असेल तर जरा पुढे सरका."

दारातल्या एका बाईने निर्माल्याची पिशवी खाडीत टाकली, प्लॅस्टिकसकट. टाकून तिने नमस्कार केला. फुलं टाकायचीच तर निदान पिशवी घरी न्यावी, पण हे चालत्या गाडीत कोण कुणाला सांगणार? तिचं बघून आईनेही हात जोडले. हवाईचे लोक पेले नावाच्या अग्निदेवीला ज्वालामुखीच्या काठावर नैवेद्य ठेवतात. आपल्याकडे सगळ्या देवांना वसईची खाडी चालते.

बोरीवलीला आम्ही बेटावर पाऊल ठेवलं असं मला म्हणता येणार नाही. पाऊल मागच्यांनी ठेवलं. आम्ही त्यांच्यापुढे होतो, एवढंच.

स्टेशनच्या पूर्वेला उतरून उद्यानाच्या दारापर्यंत चालत जाता येतं. आत शिरल्यावर शंभर पावलांत हवा बदलते, आणि इथे मला साडूंची मनापासून कीव आली. त्यांच्या फोटोंत मैलभर नुसती काळी राख. आमच्या ज्वालामुखीवर शंभराहून जास्त चौरस किलोमीटर उद्यान आहे, बिबटे आहेत, सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी आहे. विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत, १८६० आणि १८७९ सालचे. त्यांचं पाणी मुंबई पिते. ज्वालामुखीवर प्यायचं पाणी साठवणारी आपलीच माणसं.

आतल्या बसने कान्हेरीपर्यंत गेलो. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. शंभरावर लेणी, पहिली दोन हजार वर्षांपूर्वीची. पायऱ्यांवर आदिवासी बायका काकडी, कैरी आणि मीठ-मसाला घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवून माकडं. लेण्यांना दान देणाऱ्यांची गावं शिलालेखांत कोरलेली आहेत, त्यात कल्याण आहे, सोपारा आहे. सोपारा म्हणजे आपलं तेच, १९.४ वालं. तेव्हाही तिकडची माणसं इकडे येत होती, आणि भाडं तर देतच, वर दानही देत.

तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य मोठा, भव्य, दारात दोन उंच बुद्धमूर्ती. बायको तिथे कितीतरी वेळ काही न बोलता उभी राहिली, आणि या वेळचं न बोलणं खर्चाचं नव्हतं. मी मात्र मुलीला घेऊन भिंतीपाशी गेलो. पुरावा दाखवायचा होता.

तिथला खडक जवळून बघण्यासारखा आहे. लांबून नुसता काळपट-राखी दिसतो. वीतभर अंतरावर नाक नेलं की त्यात दगडाचे कोनदार तुकडे दिसतात, कुठला सुपारीएवढा, कुठला नारळाएवढा, आणि ते सगळे राखेच्या मसाल्यात घट्ट बसलेले. शेंगदाण्याच्या चिक्कीसारखं. ज्वालामुखीने फोडलेले तुकडे राखेबरोबर पुन्हा जुळून झालेला हा खडक. भूगर्भवाले त्याला ब्रेचिया म्हणतात. मी हे सगळं मुलीला सांगत असताना आई मागून आली. तिने भिंतीवरून तळहात फिरवला, अंगठ्याच्या नखाने एक तुकडा खरवडून पाहिला आणि निकाल दिला.

"पाट्याला नाही चालणार."

"का गं आजी?"

"टाकी मारली की खडे सुटतील. वाटणात येतील. पाट्याला एकजात काळा दगड लागतो, आतून भोक नसलेला." मग जरा थांबून, "तो आपल्या नागझरीला निघतो."

मी आयुष्यात बेसाल्टची एवढी नेमकी परीक्षा ऐकलेली नाही. आणि खरंच, नागझरीकडच्या खदाणींतून तोच लाव्हा खडी होऊन डंपरने आमच्या घरावरून जातो, आणि आम्ही डंपरवाल्याला शिव्या घालून खिडकी लावतो.

मुलगी आता रंगात आली होती. तिने आजीला पायरीवर बसवून सांगितलं, की दख्खनचा लाव्हा आला तेव्हा भारत इथे नव्हताच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, जमिनीखालच्या एका तापलेल्या जागेवर. तिथे थरावर थर पडले, पोळ्यांच्या चळतीसारखे. आज उरलेत तेवढेच पाच लाख चौरस किलोमीटर भरतात. मग भारत उत्तरेला सरकला. ती तापलेली जागा आता रियुनियन नावाच्या बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून चालू आहे, आणि २००७ पासून त्या बेटावर राष्ट्रीय उद्यानही आहे.

"म्हणजे चूल तिथेच राहिली," आई म्हणाली, "आणि आपण तवा घेऊन पुढे आलो."

"हो!"

"मग तव्यावरचं गार होणारच." आईने पिशवी मांडीवर घेतली. "देवी कुठे आहे?"

आता खुलासा करणं भागच होतं. मी करत होतो, तेवढ्यात पिशवीला झटका बसला. माकडाने खण पायरीवर टाकला, डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि नारळ बगलेत मारून ते लेण्याच्या माथ्यावर जाऊन बसलं. वर त्याने नारळाची शेंडी उपटली, नारळ फिरवून पाहिला, चावून पाहिला, रागाने दगडावर हाणला. नारळ हातातून सुटला, खाली गडगडत आला आणि आमच्यापासून दहा पावलांवर, सहा कोटी वर्षांच्या पायरीवर, त्याची दोन भकलं झाली.

आई उठली. दोन्ही हात जोडले. "पोचला," म्हणाली, आणि खण झटकून पिशवीत ठेवला.

परतताना मुलीने वाचून दाखवलं, की नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत, इसवी सन १००९ ची आणि १०२१ ची. पारशी मंडळी पहिल्यांदा उतरली ते संजाण आमच्याच लाइनवर, डहाणूच्या पुढे. म्हणजे आमच्या बाजूची माणसं सहल काढून इथे येणार आणि भिंतीवर नाव लिहिणार, ही रीत हजार वर्षांची असावी असा मला दाट संशय आहे. फक्त तेव्हाच्या नावांना शिलालेख म्हणतात आणि आजच्यांना दंड होतो.

उतरताना मी एक खडा खिशात घालायला गेलो, तर मुलीने हात धरला. हवाईहून दगड उचलून नेणाऱ्यांच्या मागे पेलेचा कोप लागतो म्हणे. कित्येक लोक घाबरून ते दगड टपालाने उद्यानाला परत पाठवतात. खडा जागेवर ठेवला. टपालखर्च वाचला.

रात्री बायकोने ग्रुपवर अकरा फोटो टाकले. काळा कातळ, कातळापुढे आई, आईमागे फुटका नारळ. खाली मजकूर : 'व्होल्कॅनिक नॅशनल पार्क, साष्टी आयलंड.' पाच मिनिटांत मेव्हणीचा फोन आला. हे बेट नक्की कुठे आहे, व्हिसा लागतो का, आणि आम्हाला आधी का नाही सांगितलंत? बायकोने माझ्याकडे बघितलं आणि गेल्या महिन्याभरात प्रथमच हसली. "या की," ती फोनवर म्हणाली, "घरापासून जवळच आहे."

ते दोघं डिसेंबरात येताहेत. विमान रविवारी रात्री उतरतंय आणि साडूंना दुसऱ्याच दिवशी निघायचंय. त्यांना मंगळवारचं सांगितलंय. सोमवारी ज्वालामुखी बंद असतो.