स्प्लिटरवाले अण्णा

आमच्या सोसायटीत कुणाचं इंटरनेट अडलं की लाइनमनच्या आधी अण्णा हजर. बोलवावं लागत नसे. २००५च्या सुमारास घरोघर टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायला लागलं आणि अण्णा नेमके त्याच वेळी रिटायर झाले. खिशात टेस्टर, हातात काडेपेटीएवढी पांढरी डबी.

"ही कशाला असते, सांगा बघू?"

मॉडेमचा दिवा लुकलुकतोय आणि मुलगा रडकुंडीला आलाय, पण अण्णांची तोंडी परीक्षा झाल्याशिवाय काम सुरू होत नसे.

"आवाज चार हजार हर्ट्झच्या खाली, डेटा पंचवीस हजारांच्या वर. तार एकच, भाडेकरू दोन. मधे ही डबी नसली तर वरचा पाय आपटतो, खालच्याच्या कानात खरखर. अन् खालच्यानं रिसीव्हर उचलला की वरचा थेट रस्त्यावर!"

मग तपास. "दुसरा फोन कुठाय?"

"नाही हो, एकच आहे."

"आहे."

आणि असायचाच! डबीच्या अलीकडून कुणीतरी गुपचूप पॅरलल ओढलेला असे. अण्णा रोझेटपासून भिंतीला कान लावल्यासारखे सरकत निघत. एका घरात ती तार थेट आजींच्या पलंगाखाली गेली. सून फोनवर बोलत असताना आजी तिथून ऐकत, हे त्या दिवशी घराला कळलं. अण्णांना त्यात रस नव्हता. त्यांनी आजींच्या फोनला वेगळा फिल्टर बसवून दिला. खरखर गेली, आजींना आता स्वच्छ ऐकू येऊ लागलं.

वायर दातानं सोलायची त्यांची जुनी खोड. "लाइनवर अठ्ठेचाळीस व्होल्ट, त्यानं काय होतंय?" हे खरंच. पण घंटी वाजते तेव्हा पाऊणशेच्याही वर जातात, आणि एकदा नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. अण्णा स्टुलावरून जवळजवळ उडाले. खाली येऊन, जीभ सावरत म्हणाले, "लाइन चालू आहे."

परवा फायबरवाला पोरगा आला. डबी पाहून हसला. "काका, याला स्प्लिटर लागत नाही."

"लागतो," अण्णा शांतपणे म्हणाले. "बाहेर असतो. एका फायबरवर बत्तीस-बत्तीस घरं. तुमचा कुठल्या खांबावर आहे?"

पोराला सांगता येईना. अण्णांनी चपला घातल्या.