एका घोड्याचा अडीच हजारावा हिस्सा

कोल्हापुरात विजेची ताकद एचपीत मोजतात. उसाला पाणी पाजणारी मोटर पाच एचपी, उद्यमनगरातलं लेथ दोन एचपी, आणि कुणी नदीवर साडेसात एचपी बसवली की चहाच्या गाड्यावर त्याच्यासाठी जागा करून देतात. वॉट इथं फक्त बल्बच्या खोक्यावर भेटतो. मिलिवॉट कुठंच भेटत नाही. अशा गावात मी गच्चीवर बसून मिलिअँपिअर मोजतो, म्हणजे लग्नकार्य सोडा, साध्या गप्पांतसुद्धा माझी पंचाईतच असते.

प्रकरण साधं आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, ते खाली मोबाईलवर दाखवणारा एक डबा केलाय. आत ईएसपी8266 चा वायफाय बोर्ड, पाण्याचं अंतर मोजणारा सेन्सर आणि लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला एक 18650 सेल. गच्चीवर आणखी एक वायर न्यायची नाही, असा घरातून आदेश आहे. तिथं केबलवाला, इंटरनेटवाला आणि पापडाचं वाळवण यांचा जागेवरून वाद आधीच चालू आहे. तेव्हा डबा सेलवरच चालवायचा. प्रश्न एवढाच, किती दिवस?

शेजारचे तात्या जन्मभर लेथवर उभे राहिलेले. मायक्रॉनच्या गोष्टी ते जेवतानाही करतात, पण मायक्रोअँपिअर म्हटलं की त्यांना वाटतं आपली थट्टा चाललीय.

"किती एचपीचं हाय हे?"

"तात्या, जागा असताना 0.3 वॉट."

"एचपीत सांग की रं."

एक एचपी म्हणजे 746 वॉट. भागाकार केला आणि सांगितलं, "एका घोड्याचा अडीच हजारावा हिस्सा."

तात्यांनी डब्याकडं बघितलं. "मग घोडं झोपलंय म्हण की!"

त्यांना कल्पना नव्हती, पण सगळं तंत्रज्ञान त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. सेल पुरवायचा तर बोर्डानं क्षणभर उठायचं, काम उरकायचं आणि परत झोपायचं.

आता हे 0.3 वॉट मोजायचे कसे? शाळेत शिकवतात, व्होल्ट गुणिले अँपिअर. गुणाकाराला कोण घाबरतंय? भानगड अँपिअरची आहे. व्होल्ट बाहेरून दोन टोकांना वायर लावून बघता येतात, कुणाचं काही बिघडत नाही. करंट मोजायचा तर चालू वायर तोडून मीटर मधे घालावा लागतो, आणि सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जाऊ द्यावा लागतो. म्हणजे टोलनाकाच की! मीटरच्या आत शंट नावाचा एक छोटा रोध असतो. प्रवाह त्यातून जाताना थोडे व्होल्ट तिथं ठेवून जातो, आणि त्या वसुलीवरून मीटर प्रवाह सांगतो. कोल्हापूरकराला टोल म्हटलं की काय होतं, हे मी सांगायला नको. शहरातल्या रस्त्यांवर नाके उभे राहिले तेव्हा या गावानं वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि 2015 च्या अखेरीस टोल गेल्याची घोषणा ऐकूनच दम घेतला. माझा बोर्डही इथलंच पाणी प्यायलेला. पिवळ्या मल्टिमीटरच्या 200 मिलिअँपिअरच्या रेंजवर आत साधारण एक ओहम असतो. बोर्डानं वायफाय लावलं की क्षणभर 300 मिलिअँपिअरच्या आसपास उसळी येते, त्यातले 0.3 व्होल्ट नाक्यावरच जातात. सेल 3.7 चा, चिपला हवेत 3.3, मधे काही मोठं मैदान नाही. बोर्ड तिथंच बसकण मारतो, परत उठतो, परत वायफाय, परत बसकण. मीटर काढला की सुरळीत चालू. मोजलं तर चालत नाही आणि चाललं तर मोजता येत नाही.

झोपेतला करंट मोजायचा तर आणखी मजा. चिपच्या माहितीपत्रकात गाढ झोपेला 20 मायक्रोअँपिअर लिहिलेत. ते दिसायला 200 मायक्रोअँपिअरची रेंज लावली की मीटरमधला रोध हजार ओहमवर जातो. मग बोर्ड जागाच होत नाही, आणि जागा न झालेला माणूस झोपणार कसा? यावर उपाय असा: मीटरच्या दोन्ही टोकांना क्लिपची वायर अडकवून त्याला बगल द्यायची, बोर्डाला उठून, काम उरकून, झोपू द्यायचं, आणि मग आवाज न करता क्लिप काढायची. आमच्या घरात तान्हं मूल निजवताना जेवढी शांतता नव्हती तेवढी त्या वेळी असते.

क्लिप काढल्यावर मीटरनं नुसता 1 दाखवला. म्हणजे रेंजच्या बाहेर. मोठ्या रेंजवर बघितलं तर आठ मिलिअँपिअर. चिप बिचारी झोपलेली, पण बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि 'मी चालू आहे' एवढंच सांगणारा लाल दिवा, हे तिघं रात्रभर जागे. दिवा सोल्डरिंग गननं उपटला. रेग्युलेटर बदलला. लग्नघरातले सगळे दिवे बंद करत फिरणारा एक काका असतो, तो मी झालो.

पुतण्यानं सुचवलं म्हणून आयएनए219 चं मॉड्यूल आणलं. नखाएवढी चिप, शेजारी 'आर100' लिहिलेला 0.1 ओहमचा शंट. टोल दहा पटीनं कमी, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही मोजून गुणाकारही तीच करते. बोर्डाची वायफायवेळची चलबिचल तिनं छान दाखवली. पिवळा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्याला त्या उसळ्यांचा पत्ताच नसतो. पण ही बाई मोजते 0.8 मिलिअँपिअरच्या पावलानं, आणि स्वतः खाते एक मिलिअँपिअरपर्यंत. 20 मायक्रोअँपिअरच्या झोपेवर तिला पहाऱ्याला ठेवलं तर मालकापेक्षा वॉचमनचा खुराक पन्नासपट. जागेपणाचा हिशेब तिच्याकडं, झोपेचा पिवळ्याकडं, अशी वाटणी केली.

मधल्या काळात पुतण्या बाजारातून एक सेल घेऊन आला. वर छापलेलं, 9900 एमएएच. या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. पुतण्या म्हणाला, "काका, छापलंय की." मोजला तर हजारसुद्धा भरला नाही. छापायला शाई लागते, अँपिअर लागत नाहीत.

खऱ्या 2600 च्या सेलवर हिशेब असा: डबा सतत जागा राहिला तर सव्वा दिवसाच्या आसपास. आठ मिलिअँपिअरवर घोरत राहिला तर दोन आठवडे. नुसता 20 मायक्रोअँपिअरवर झोपला तर, कागदावर, चौदा-पंधरा वर्षं. हे ऐकून तात्या म्हणाले, "तवर टाकीच ऱ्हाणार न्हाई." मग त्यांनी राधानगरी काढली. त्या धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांना बॅटरी लागत नाही. पाणी ठरल्या पातळीला आलं की पाण्याच्याच दाबानं उघडतात. "तुझ्या टाकीला तसलं एक दार बसव," म्हणाले. त्यावर माझ्याकडं एकच आकडा होता. सेलमधली सगळी वीज साडेनऊ वॉट-तास. आमची एक एचपीची मोटर तेवढी पाऊण मिनिटात संपवते, आणि डबा नसला की टाकी वाहायला लागल्यावरही ती पाच-दहा मिनिटं तशीच चालू असते. तात्या गप्प बसले. एचपीत सांगितलं की त्यांना पटतं.

घरच्यांना मात्र व्होल्ट पटेनात. 3.5 म्हणजे बरं की वाईट? शेवटी मोबाईलवर शब्द बदलले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. तसं 3.5 व्होल्टला 'इशारा पातळी' आणि 3.3 ला 'धोका पातळी' असं लिहून टाकलं. आईनं हरकत घेतली, नदीचं वाढलं की धोका आणि याचं उतरलं की धोका, हे कसलं उलटं? पण सेल वेळेवर चार्जिंगला लागू लागला.

जुलैत पावसाची झड लागली होती. बायकोनं शाहूपुरीतल्या आमच्या गॅलरीतून खाली मला हाक मारली, "अहो, इशारा पातळी आली बघा!" मी चार्जर शोधून गच्चीवर जाईपर्यंत खालच्या मजल्यावरच्यांनी स्कूटर काढून राजारामपुरीत मेव्हण्याच्या दारात नेऊन लावली होती, आणि फ्रीज कुणाच्या मदतीनं वर चढवायचा, याची बोलणी जिन्यात चालू होती.