नऊ पायऱ्यांत विशेष शिक्षक

(पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी. जुन्यांनी वाचल्यास हसू नये.)

विशेष शिक्षणाच्या बी.एड.ला प्रवेश मिळाला? अभिनंदन. आता ही बातमी वसईतल्या पापडीच्या तळ्याकाठी भेटतील त्यांना सांगून पाहा. दहांतले सहा विचारतील, "विशेष म्हणजे काय, डिस्टिंक्शन का?" तिघे हळहळून म्हणतील, "पुण्याचं काम हो. आमच्याच्याने नसतं झालं." दहावा गप्प राहील, तुमच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत येईल आणि तिथे आवाज उतरवून विचारेल, "आमचा धाकटा अजून बोलत नाही. चार पूर्ण झाली त्याला. दाखवायचं कुठे?" तुमचा अभ्यासक्रम या दहाव्यासाठी आहे, एवढे लक्षात ठेवा आणि पुढे वाचा.

कोणतेही काम शिकवायचे तर आमच्याकडे आधी त्याचे तुकडे पाडतात. शर्टाचे बटण लावायचे म्हणजे काज शोधा, बटण चिमटीत धरा, अर्धे आत सरकवा, पलीकडून दुसऱ्या हाताने ओढा. याला टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. मग प्रत्येक तुकड्यापुढे शेरा लिहायचा. मूल आपले आपण करत असेल तर 'स्वतंत्र'. सांगितल्यावर करत असेल तर 'व्हीपी', म्हणजे तोंडी मदत. हात धरून करून घ्यावे लागत असेल तर 'पीपी', म्हणजे हाताची मदत. हाच नियम इथे तुम्हाला लावला आहे. प्रत्येक पायरीपुढे आपला शेरा आपणच पेन्सिलीने लिहा. पेनने नको, मॅडम फाइल पुन्हा लिहायला लावतात.

पायरी १. गाडी पकडा

श्रवणदोषाचा अभ्यास करायचा तर वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. चेंबूरला हशू अडवाणी कॉलेज आहे, जुहूला एसएनडीटीचा विभाग आहे. पापडीहून कुठेही जायचे तरी आधी शेअर रिक्षा, मग वसई रोड, मग विरारहूनच भरून आलेली लोकल. प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांच्या डब्यासमोर उभ्या राहा आणि आत कोण कोण बसले आहे त्याचे निरीक्षण करा. खणखणीत तब्येतीची माणसे खिडकीशी, कुबडीवाला दाराशी. वर्षभर वर्गात समावेशनाची व्याख्या घोकाल, पण ज्या डब्यात सगळेच समाविष्ट झाले आहेत असा डबा इथेच पाहायला मिळतो. निरीक्षणवहीत एक पान भरते.

पायरी २. प्रकार निवडा

फॉर्मवर विचारतात: श्रवण, दृष्टी, बौद्धिक, अध्ययन अक्षमता की आणखी काही? घरातली वडीलधारी मंडळी म्हणतील, "सोपं असेल ते घे." १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. तुम्हाला त्यातला एक घ्यायचा असतो. मुले मात्र फॉर्म वाचून जन्माला येत नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्यालाच फिटही येते, आणि फिट हा तुमचा विषय नसतो.

टक्केवारीही पाठ करून ठेवा. दहावीला ३५ला पास करतात. इथे ४० लागतात. प्रमाणपत्रावर चाळीस टक्के भरले तर कायद्याच्या बहुतेक सवलतींचे दार उघडते. एकोणचाळीसवाल्या मुलाची आई तुमच्यासमोर बसून विचारेल, "टीचर, एक टक्का कुठून आणू?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पेपरात येत नाही. आपला शेरा लिहा आणि तिच्यासाठी पाणी आणा.

पायरी ३. शब्द बदला

आजीच्या काळी सरळ लुळा, मुका, वेडा म्हणत. मग अपंग आले, मतिमंद आले, मग विकलांग, मग विशेष गरजा असलेली बालके, आणि २०१५च्या अखेरीपासून दिव्यांग. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याण हा वेगळा विभागच काढला. परीक्षेत चालू कायद्यातला शब्द लिहावा, नाहीतर मार्क जातात. शिक्षकखोलीत मात्र अजून "तो आपला शेवटच्या बाकावरचा" असेच चालते. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो; जिभेला किती लागतील ते कोणत्याही शासन निर्णयात दिलेले नाही.

पायरी ४. साहित्य करा

लागणाऱ्या वस्तू: कार्डशीट, वेल्क्रो, थर्माकोल, गोंद, आठ रंगांचे स्केचपेन, आणि लॅमिनेशनवाल्याशी चांगली ओळख. या सगळ्यातून सफरचंद बनते. रात्री दोनपर्यंत जागून केलेले, देठासकट. पाठाच्या दिवशी कार्ड उंच धरून विचारा, "हे काय?" मूल वर बघेल आणि म्हणेल, "लाइट." ते चुकलेले नाही. लॅमिनेशन चमकते आणि त्याला कार्डावर खरोखरच ट्यूबलाइट दिसते. तिरके धरा. किंवा खरे सफरचंद आणा. ते दाखवता येते, हुंगायला देता येते, कापून निम्मे करता येते आणि पाठ संपल्यावर खाता येते. मात्र ते फाइलला लावता येत नाही, म्हणून परीक्षक कार्डच मागतात.

पायरी ५. केळे ओळखा

वसईच्या माणसाला केळ्याबद्दल नवे काय सांगणार? राजेळी आपण खाल्ली, सुकेळी पाहुण्यांच्या पिशवीत घातली. तरीही एक केळे राहते. श्रवणतपासणीच्या आलेखावर आडवे आवाजाचे बारीक-जाडपण आणि उभे त्याचे मोठेपण मांडतात. बोलण्यातले सारे ध्वनी त्यावर टिपले की बाकदार आकार उमटतो. जगभर त्याला स्पीच बनानाच म्हणतात. जाड आवाजाचे म आणि न डाव्या टोकाला, बारीक आवाजाचा स उजव्या.

आता एक मूल घ्या, ज्याचे उजवे टोक गेले आहे. ते हाक मारली की वळते, म्हणून घरचे म्हणतात, "ऐकू येतं त्याला. मुद्दाम करतो." पण 'सात' म्हटले तर त्याच्यापर्यंत 'आत'सारखे काहीतरी पोचते, आणि गणिताच्या तासाला ते उठून आत जाते. शिक्षा होते ती खोडीची. ही पायरी चुकवू नका. एका कागदावरचे केळे नीट वाचता आले तर एका मुलाचा मार वाचतो.

पायरी ६. उलटे लिहा

ब्रेल सहा टिंबांचे; त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या होतात. वाचायचे डावीकडून उजवीकडे. पाटी आणि टोच्या घेऊन हाताने लिहायचे मात्र उजवीकडून डावीकडे, कारण कागद मागून टोचतात आणि उलटल्यावर टिंबे वर येतात. पहिल्या आठवड्यात तुमचे स्वतःचे नाव कोणत्याच भाषेत वाचता येणार नाही. कॉलेजात डोळ्यांवर पट्टी बांधून कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटे चालवतीलही. चाला, पण पट्टी सोडल्यावर "मला आता अंधांचं दुःख कळलं" असे अहवालात लिहू नका. तुम्हाला फक्त कॉरिडॉर कळला.

पायरी ७. चाचणी घ्या

मुलाला काय काय जमते ते तपासायच्या याद्या पुष्कळ आहेत. मद्रासमध्ये तयार झालेल्या एमडीपीएसमध्ये अठरा विभाग आणि प्रत्येकात वीस बाबी, म्हणजे तीनशे साठ वेळा एका मुलाला "जमते का?" विचारायचे. शेवटाला येईपर्यंत मुलाला सगळे जमू लागलेले असते, तुमचे जमेनासे होते.

याद्या खोट्या नसतात, पण त्या पापडीत तयार झालेल्या नाहीत. इथे मूल घरी आजीशी कादोडी बोलते, बालवाडीत मराठी ऐकते, गल्लीत हिंदीतून भांडते आणि शाळेत इंग्रजीत गप्प बसते. चौथ्या भाषेत गप्प बसलेल्या मुलाला 'बोलण्यात मागे' असा शेरा देणे फार सोपे असते. आधी आजीला विचारा: तुमच्याशी बोलतो का? किती? कशाबद्दल? एका शिकाऊ मुलीने यादीतला प्रश्न केला, "पत्ता सांगतो का?" मूल म्हणाले, "चर्चच्या मागं." तिने लिहिले: जमत नाही. मी तिला म्हटले, बाई, अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च १५७४चे आहे. पापडीत साडेचारशे वर्षे एवढ्यावर माणसे घरी पोचतात. खोड आणि 'स्वतंत्र' लिही.

पायरी ८. वर्गात शिरा, आणि नोंदणी करा

समावेशित वर्ग ओळखण्याच्या खुणा: रॅम्प असतो. नियमाने बारा फुटाला एक फूट चढावा. मी पाहिलेल्या एका शाळेत तो घसरगुंडीसारखा होता आणि वर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. आत तुमचे मूल दाराजवळच्या शेवटच्या बाकावर असते, म्हणजे मध्येच उठले तर कोणाला त्रास नको. वर्गशिक्षिका तुम्हाला पाहून उजळतात: "आलात? तुमचा मुलगा तिथे बसलाय." हजेरीपटावर तो त्यांचा, बाकी सगळा तुमचा.

त्यांच्यावर रागावू नका. पन्नास मुले सांभाळत त्या उभ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कंत्राटावर काम चालले. २०२४ साली शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक अशा हिशेबाने ४,८६० पदे मंजूर झाली. केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे, आसपासच्या अनेक शाळांचा गट. तेव्हा तुम्ही एखाद्या वर्गात कितीदा पोचाल याचा हिशेब करा. उरलेले दिवस मूल ज्यांच्यासमोर बसते त्या वर्गशिक्षिकाच तुमच्या खऱ्या विद्यार्थिनी. त्यांना एका भेटीत एकच गोष्ट द्या: त्याला पहिल्या बाकावर घ्या. पुढच्या वेळी दुसरी: फळ्याकडे तोंड करून बोलू नका. पन्नासांपैकी आणखी चौघांना त्याचा फायदा होतो, पण ते आपणहून सांगायला येत नाहीत.

नोंदणी विसरू नका. १९९२च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आली. तिच्या रजिस्टरात नाव नसताना अशा मुलांना शिकवले तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मराठीत शिक्षण आणि शिक्षा हे शब्द इतके शेजारी का राहतात ते इथे कळते.

पायरी ९. हात काढा

ही पायरी अभ्यासक्रमात अर्ध्या पानाची आहे. तिथे तिला मदत हळूहळू कमी करणे म्हणतात.

माझ्याकडे एक मुलगा होता. पाचापर्यंत वस्तू मोजून गट करणे हे उद्दिष्ट, पाचपैकी चार वेळा बरोबर हा निकष. मणी आणले, गोट्या आणल्या, लॅमिनेट केलेली सफरचंदे आणली. तीन आठवडे त्याचे मनगट धरून एक, दोन, तीन करत राहिले. शेरा: पीपी, पीपी, पीपी. चौथ्या आठवड्यात त्याच्या घरी गेले. मागच्या वाडीत आजी केळीची पाने पुसत बसली होती आणि तो जुड्या बांधत होता. पाच पानांची एक जुडी. एक पान ठेवी, देठ देठाला लावी, दुसरे ठेवी. चौथ्या पानावर तो थांबला. इकडे तिकडे बघितले. आजी पान पुसत होती, तिने मान वर केली नाही. बराच वेळ गेला. वर्गात एवढ्या वेळात मी दोनदा मणी उचलून दिले असते. मला राहवेना. मी म्हटले, "अजून एक, बाळा." त्याने माझ्याकडे पाहिले, गोंधळला आणि एकदम दोन पाने टाकली.

आजीने एक पान शांतपणे काढून बाजूला ठेवले आणि माझ्यासाठी मुद्दाम मराठीत म्हणाली, "टीचर, तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही बोललात की त्याचं चुकतं."

मी तोंड मिटून बसले. पुढच्या नऊ जुड्या पाच-पाचाच्या झाल्या.

मूल्यमापन

वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी येतात. त्या दिवशी मी लिहिल्या त्या अशा. तुमच्या तुम्ही लिहा.

विद्यार्थी: पाचांचे गट करणे. स्वतंत्र.

शिक्षिका: गप्प बसणे. व्हीपी. मदत देणारी व्यक्ती: आजी.