अण्णांना भेटायला चाललोय

१८७३ साली महादेव गोविंद रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा माणूस आता स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करणार, असे सुधारक मंडळी धरून चालली होती. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि एकतीस वर्षांचे माधवराव बोहल्यावर चढले. कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मी यावरून रानड्यांना भरपूर झोडपले होते. उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले होते. ते आता परत करावे म्हणतो. रानडे निदान वडिलांना घाबरले. मी, वय वर्षे ६८, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त, लेकीला घाबरतो.

लेक बाणेरला राहते. ही गेल्यापासून माझा कारभार तिने हातात घेतला आहे. दर रविवारी येते, फ्रिज उघडते, गोळ्यांच्या डबीतला शुक्रवारचा कप्पा भरलेला दिसला की माझ्याकडे तिच्या आईच्या नजरेने बघते. अशा मुलीला काय सांगणार? आणि कुठून सुरुवात करणार? बँकेपासून?

सुरुवात खरोखर बँकेतच झाली. पेन्शनर माणसाने नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे जाऊन सांगायचे असते. सांगितले तरी यंत्राला ते पटतेच असे नाही. माझा अंगठा यंत्र घेईना. माझ्या पुढच्या बाईंचाही घेत नव्हते. त्यांनी पर्समधून व्हॅसलीनची डबी काढली, बोटाला चोळले, यंत्राने ‘पीं’ केले. काही न बोलता त्यांनी ती डबी माझ्यापुढे केली. मीही हयात ठरलो. मग काउंटरवरच्या मुलाने त्यांना, सबंध शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘‘पुनर्विवाह केलाय का, आजी?’’ त्या बिचाऱ्याचा दोष नाही. ईपीएस-९५च्या नियमात विधवेने पुन्हा लग्न केले की तिची पेन्शन थांबते, त्यामुळे विचारावेच लागते. रांग कान टवकारून उभी. बाईंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘अजून नाही.’’

रांग हसली. मी हसलो नाही. अंगठ्याला व्हॅसलीन तसेच, आणि मी दारापर्यंत त्यांच्यामागे गेलो, डबी परत करायला. डबी त्यांनी कधीच पर्समध्ये टाकली होती.

त्यानंतर आम्ही भेटू लागलो ते कोथरूडला, कर्वे पुतळ्यापाशी. जागा बाईंनी सुचवली होती, कारण त्यांना तिथून रिक्षा चटकन मिळते. मला मात्र त्यात नियतीचा हात दिसला. १८९३ साली अण्णा कर्व्यांनी, स्वतः विधुर असताना, गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. म्हणजे पुण्यात पुरेसे थांबायची तयारी असेल तर सगळे काही होते. लेकीचा फोन आला आणि ‘‘कुठे निघालास?’’ म्हणाली की मी खरे तेच सांगायचो, ‘‘अण्णांना भेटायला चाललोय.’’ तिला वाटायचे, अण्णा म्हणजे माझ्या फिरायच्या ग्रुपातले कुणी. ‘‘वय काय त्यांचं?’’ एकदा तिने विचारले. ‘‘शंभरी पार केलीय,’’ म्हणालो. ‘‘बघ, आणि तू गुडघे गुडघे करतोस.’’

बाकावर जागा दोघांपुरती, पण बसायचो आम्ही चौघे. मी हिच्याबद्दल बोलायचो : ती मंडईत भाजीवाल्याशी कशी बोलायची, तूरडाळीत गूळ किती घालायची, माझ्या जावळातल्या फोटोला ‘हा उद्धट दिसतो’ म्हणून तिने कपाटात कसे ठेवले होते. बाई त्यांच्या ह्यांच्याबद्दल बोलायच्या. ते वीज मंडळात इंजिनिअर. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तरी ते शेवटपर्यंत ‘एमएसईबी’च म्हणायचे. घरातला एकही बोर्ड बाहेरच्या माणसाने उघडला नाही. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर, सगळे तेच करायचे. सवाई गंधर्वला रात्र रात्र बसायचे. मीही सवाईला गेलो आहे. मला तिथे झोप फार चांगली लागते, हे बाईंना सांगितले नाही.

तर अशा माणसाशी माझा सामना होता. जिवंत प्रतिस्पर्धी असता तर कधीतरी चिडला असता, मोज्यांना भोक पडले असते, बिल भरायचे विसरला असता. गेलेला माणूस एकही नवी चूक करत नाही. शिवाय माझा पत्ता कट व्हायला ‘‘ह्यांना हे जमलं असतं’’ एवढे एक वाक्य पुरे होते, आणि ते दर भेटीत एकदा यायचेच.

गीझर बिघडला तेव्हा म्हणूनच मी म्हणालो, ‘‘मी बघतो.’’

मी आयुष्यात कधी फ्यूज बदललेला नाही. आमच्या घरी ते काम ही करायची. पण आदल्या रात्री यूट्यूबवर एका हिंदी बोलणाऱ्या तरुणाने सहा मिनिटांत कॉइल बदलून दाखवली होती आणि ‘बहुत सिंपल है’ असे दोनदा म्हटले होते. नवी कॉइल, टेस्टर आणि कंपनीतल्या माणसासारखी दिसणारी एक पिशवी घेऊन मी बाईंच्या घरी हजर झालो. व्हिडिओत सांगितले होते, आधी मेन बंद करा. घरातल्या बोर्डावर मेन कुठला ते कळेना, म्हणून खबरदारी म्हणून मी खाली मीटर रूममध्येच गेलो. तिथल्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. त्यातल्या त्यात जबाबदार दिसणारा एक खटका मी खाली ओढला.

तो लिफ्टचा होता. लिफ्टमध्ये सोसायटीचे चेअरमन होते, हातात गरम इडलीचे पार्सल. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधून त्यांनी जो आवाज लावला, तो सवाईच्या पहिल्या रांगेतही ऐकू आला असता. घाईत मी आणखी दोन खटके ओढले. आता पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवेही गेले. कुणीतरी मोबाइलचा फ्लॅश मारून माझा फोटो काढला : केसांत जळमटे, हातात टेस्टर. पाच मिनिटांत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता, ‘हे गृहस्थ कोणाकडे आले आहेत?’ या प्रश्नासह.

खटके बाईंनी येऊन वर केले. चेअरमन सुटले, इडली मोडली होती. मग वर जाऊन त्यांनी माझ्या हातातून टेस्टर घेतला, ‘‘टॉर्च धरा’’ म्हणाल्या आणि स्टुलावर चढल्या. अर्ध्या तासात पाणी तापले. कॉइल मी चुकीच्या मापाची आणली होती. जुनी चांगलीच होती, गेला होता तो थर्मोस्टॅट, आणि तसला एक सुटा त्यांच्या ह्यांच्या खोक्यात नाव घालून ठेवलेला निघाला. मी टॉर्च धरून उभा होतो आणि मनातल्या मनात त्या इंजिनिअरसाहेबांना शरण गेलो होतो.

जावयाचा मावसभाऊ त्याच सोसायटीत राहतो, हे मला ठाऊक नव्हते. पुण्यात असे कुणीतरी असतेच. रविवारपर्यंत लेकीने वाट पाहिली नाही. संध्याकाळीच आली, फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘हे अण्णा का?’’

मी भाषण तयार ठेवले होते. रानडे, कर्वे, १८५६चा विधवा पुनर्विवाह कायदा, सगळे. तिने ऐकूनच घेतले नाही. तिने आधीच वाचून ठेवले होते : नोंदणी करायची तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. काकूंची पेन्शन जायला नको असेल तर पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांसाठी चालवलेले लिव्ह-इन मंडळसुद्धा आहे. ‘लिव्ह-इन’ हा शब्द माझ्या मुलीने चहात बिस्कीट बुडवत उच्चारला, आणि ठसका मला लागला.

पुढच्या रविवारी बाई घरी आल्या. लेकीने फ्रिज दाखवला, गोळ्यांचा डबा दाखवला, शुक्रवारच्या कप्प्याबद्दल तक्रार केली. दोघींचे चांगलेच जमले. ही असती तर तिसरी त्यांना जाऊन मिळाली असती. मी खुर्चीत आपला गप्प बसून होतो. शेवटी लेकीने विचारलेच, ‘‘काकू, खरं सांगा, बाबात तुम्हाला नेमकं काय दिसलं? इंजिनिअर काकांना तर सगळंच येत होतं.’’

‘‘हो, सगळं येत होतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘म्हणून मी जन्मभर टॉर्च धरून उभी राहिले. बघून बघून मलाही सगळं यायला लागलं होतं, पण स्टुलावर चढायची पाळीच कधी आली नाही.’’

लेक माझ्याकडे वळली. ‘‘बाबा, टॉर्च तरी नीट धरलीस का?’’

‘‘हात हलत होता,’’ बाई म्हणाल्या आणि तिच्यापुढची बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.